दिवाणखान्याच्या भिंतीसाठी अमूर्त चित्राची प्रत आणि तिची फ्रेम कशी निवडावी?

पश्चिमखिडकी

नमस्कार. बाणेरमधल्या नव्या सदनिकेत राहायला येऊन आम्हांला दीड वर्ष झाले आहे. घर बहुतेक लागले, परंतु दिवाणखान्यातील सोफ्यामागची अकरा फूट रुंदीची भिंत मी मुद्दाम मोकळी ठेवली आहे. तिथे एखाद्या अमूर्त चित्राची चांगली छापील प्रत फ्रेम करून लावावी, अशी माझी फार दिवसांची इच्छा आहे. निसर्गचित्र किंवा व्यक्तिचित्र नको असे नाही, पण रोज डोळ्यांसमोर राहूनही ज्याची सवय होऊन दिसेनासे होणार नाही, असे काहीतरी हवे आहे.

मोजमापे देते, म्हणजे सल्ला देणे सोपे जाईल. सोफा ८४ इंच लांब असून त्याची पाठ जमिनीपासून ३२ इंच उंच आहे. भिंतीचा रंग फिका राखाडी आहे. बाल्कनी पश्चिमेला असल्यामुळे उन्हाळ्यात दुपारी साडेचारनंतर भिंतीच्या उजवीकडच्या एक-तृतीयांश भागावर तिरपे ऊन येते. फ्रेमसह पंधरा हजार रुपयांपर्यंत खर्च करण्याची तयारी आहे.

यापूर्वी माझी एकदा फसगत झाली आहे. गेल्या मार्चमध्ये एका संकेतस्थळावरून कॅनव्हासवर छापलेले चार फुटी चित्र मागवले होते. मोबाइलवर गडद निळे दिसलेले रंग प्रत्यक्षात काळपट निघाले, जवळून पाहिले की कडा विस्कटलेल्या दिसत होत्या आणि पावसाळा सुरू झाल्यावर कापड सैल पडून एका कोपऱ्यात पोक आला. ते चित्र आता माळ्यावर आहे. त्यामुळे या वेळी घाई करायची नाही, असे ठरवले आहे.

सध्या मनात तीन पर्याय आहेत. एक, रशियन चित्रकार कँडिन्स्कीचे एकात एक वर्तुळे असलेले प्रसिद्ध चित्र. दुसरा, भारतीय चित्रकार वासुदेव गायतोंडे यांच्या एखाद्या पिवळ्या चित्राची प्रत. तिसरा, एका प्रदर्शनात पाहिलेले तरुण चित्रकाराचे सेरिग्राफ, म्हणजे जाळीतून रंग ओढून छापलेले चित्र, ज्याच्याखाली पेन्सिलने सही आणि आकडे होते.

आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. माझे सासरे निवृत्त स्थापत्य अभियंता आहेत आणि सोफ्यासमोरच्या खुर्चीत बसून दिवसभर ती भिंत पाहणारे घरात तेच आहेत. त्यांनी मोबाइलवर ही चित्रे पाहून शांतपणे विचारले, "यात नेमके पाहायचे काय?" त्यांचा प्रश्न टाळून चित्र लावणे मला योग्य वाटत नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

रंगरेषा

पुण्यातील एका शाळेत मी एकतीस वर्षे चित्रकला शिकवली आहे. आपला प्रश्न वाचून बरे वाटले, कारण बहुतेक जण सोफ्याच्या रंगाशी जुळणारे चित्र कुठे मिळेल एवढेच विचारतात.

आधी चित्राविषयी बोलतो, कारण फ्रेम नंतर बदलता येते. छापील प्रत घेताना पहिला विचार असा करावा की, मूळ चित्रातील कोणती गोष्ट छपाईत टिकते आणि कोणती हरवते. सपाट रंग, स्पष्ट कडा आणि भौमितिक रचना यांवर उभे असलेले चित्र कागदावर बऱ्यापैकी उतरते. डच चित्रकार माँद्रियानच्या मूळ चित्रांत ब्रशचे फटकारे आणि पांढऱ्याच्या वेगवेगळ्या छटा आहेत, त्या प्रतीत जातात, तरी रचनेचा तोल शिल्लक राहतो. गायतोंडे यांचे चित्र मात्र रंगाच्या थरांवर जगते. रोलर आणि पॅलेट नाइफ वापरून ते रंग लावत, खरवडत, पुन्हा लावत, आणि त्या पातळ थरांमधून उजेड आतून झिरपल्यासारखा वाटतो. आपल्या चित्रांना अमूर्त म्हणणेही त्यांना पसंत नव्हते, ते 'नॉन-ऑब्जेक्टिव्ह' म्हणत. माझ्या मते ज्या चित्राचा प्राण पृष्ठभागात आहे, त्याच्या सपाट प्रतीवर पंधरा हजार खर्च करू नयेत. त्यांचे मूळ चित्र संग्रहालयात उभे राहून पाहावे आणि घरासाठी दुसरे काही निवडावे.

दुसरा मुद्दा आकाराचा. कँडिन्स्कीची ती वर्तुळे आज घरोघरी तीन-तीन, चार-चार फुटांची दिसतात. मूळ चित्र १९१३ सालचे असून ते कागदावर केलेला रंगांचा अभ्यास आहे आणि त्याची रुंदी जेमतेम एक फूट आहे. हातात धरून पाहण्याजोगे काम भिंतभर मोठे केले की पाण्याच्या रंगाचे ओघळ आणि कागदाचा पोत भलत्याच मापात फुगतात. उलट त्याच चित्रकाराचे १९२३ सालचे 'कॉम्पोझिशन ८' मुळातच सुमारे १४० बाय २०० सेंटिमीटरचे आहे, त्यामुळे ते आपल्या भिंतीवर थोडे लहान होऊनच येईल आणि त्यातल्या रेषा अधिक नेटक्या दिसतील. म्हणून कोणतेही चित्र आवडले की पहिल्यांदा त्याचे मूळ माप शोधावे. ते दुपटीहून अधिक वाढवावे लागत असेल तर मी तरी ते घेणार नाही, किंवा घेतलेच तर मूळ मापातच घेऊन भोवती रुंद माउंट, म्हणजे जाड कागदी बोर्डाची चौकट, देईन. मोठ्या भिंतीवर लहान चित्र वाईट दिसते हा समज आहे. लहान चित्र जवळ बोलावते, एवढाच फरक.

प्रतीच्या अधिकृततेचाही विचार करावा. आपल्याकडे चित्रकाराच्या निधनानंतर साठ वर्षे त्याच्या कामावर स्वामित्वहक्क राहतो. कँडिन्स्की आणि माँद्रियान दोघेही १९४४ साली वारले आणि चित्रकार पॉल क्ले १९४० साली, त्यामुळे त्यांची चित्रे आपल्याकडे छापायला मोकळी आहेत. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने तर २०१७ पासून आपल्याकडील हक्कमुक्त कलाकृतींच्या मोठ्या प्रतिमा कोणालाही उतरवून घेण्यासाठी खुल्या केल्या आहेत. गायतोंडे यांचे निधन २००१ साली आणि चित्रकार सय्यद हैदर रझा यांचे २०१६ साली झाले. त्यांच्या चित्रांच्या प्रती हक्कधारकांच्या परवानगीनेच निघायला हव्यात. एखादा विक्रेता 'गायतोंडे, कोणत्याही मापात' असे म्हणत असेल, तर परवानगी कोणाची आहे हे आपण जरूर विचारावे.

प्रतिमा किती मोठी हवी, याचा हिशेब सोपा आहे. २४ बाय ३६ इंचांची प्रत उत्तम निघायला ७२०० बाय १०८०० पिक्सेल लागतात आणि त्याच्या निम्म्या, म्हणजे ३६०० बाय ५४०० पिक्सेलपर्यंत ती चार-पाच फुटांवरून व्यवस्थित दिसते. १५०० पिक्सेल रुंदीची प्रतिमा २४ इंचांवर ताणली तर इंचाला बासष्ट-त्रेसष्ट ठिपके उरतात. आपल्या पहिल्या चित्राच्या कडा विस्कटल्या त्या बहुधा यामुळेच.

आता आपल्या सासऱ्यांचा प्रश्न. तो मला अजिबात गैर वाटत नाही. वर्गात मुले हेच विचारत, तेव्हा मी उत्तर देत नसे, चित्र उलटे टांगत असे. दोन मिनिटांत कोणीतरी म्हणे, "सर, आता ते पडेल असे वाटते." म्हणजे वजन, तोल, ओढ आणि मोकळी जागा हे सगळे त्या मुलाला दिसलेच होते. ज्यांनी आयुष्यभर तुळया आणि खांब यांचे भार मोजले, त्यांना हे आमच्यापेक्षा लवकर दिसेल. त्यांना चित्राचा अर्थ सांगू नका. चित्रात भार कुठे आहे, एवढेच विचारा.

मूळप्रत

रंगरेषा सरांशी मी बहुतांशी सहमत आहे, पण आपला तिसरा पर्याय त्यांच्याकडून राहून गेला आणि माझे मत पूर्णपणे त्याच्याच बाजूने आहे.

छापील प्रत म्हणताना आपण दोन अगदी वेगळ्या वस्तूंना एकच नाव देतो. एक म्हणजे रंगवलेल्या चित्राचे छायाचित्र काढून यंत्राने छापलेला कागद. त्याला 'जिक्ले' असे भारदस्त नाव असले तरी ती शेवटी शाईच्या फवाऱ्याने झालेली छपाईच असते. चांगल्या पिगमेंट शाईची आणि सुती कागदावरची ती प्रत दीर्घकाळ टिकते, त्याबद्दल वाद नाही. दुसरी वस्तू म्हणजे चित्रकाराने छपाईचे माध्यम मनात धरूनच केलेले काम: सेरिग्राफ, लिथोग्राफ (दगडावरून छापलेले), एचिंग (धातूच्या पत्र्यावरून), वुडकट (लाकडी ठशावरून). सेरिग्राफमध्ये प्रत्येक रंगासाठी वेगळी जाळी बनवून रंग एकावर एक ओढले जातात. अशा कामाचे दुसरे कुठलेही 'मूळ चित्र' नसते. प्रत्येक प्रत हीच मूळ असते.

त्या पेन्सिलच्या आकड्यांचा अर्थ असा की १२/५० असे लिहिले असेल, तर एकूण पन्नास प्रती काढल्या आणि ही त्यांतली बारावी. मात्र केवळ आकडा आणि सही पाहून थांबू नये, कारण यंत्राने छापलेल्या प्रतींवरही असे आकडे घातले जातात. पुस्तके वाचायचे साधे भिंग घेऊन जा आणि रंगाच्या कडेवर धरा. सेरिग्राफमध्ये रंगाचा अखंड, किंचित जाड थर दिसतो, आणि कागद तिरपा धरला तर एका रंगावर दुसरा कुठे चढला आहे ती बारीक पायरीही दिसते. ऑफसेट, म्हणजे मासिकांसारखी यंत्रावरची छपाई असेल तर फुलांच्या पाकळ्यांसारखे रंगीत ठिपक्यांचे गुच्छ दिसतात. मी पहिल्यांदा हे पाहिले तेव्हा दहा मिनिटे भिंग खाली ठेवले नव्हते.

बालगंधर्व रंगमंदिराच्या कलादालनात किंवा शनिवार पेठेतील सुदर्शन कलादालनात प्रदर्शन असेल तेव्हा जरूर जाऊन यावे, आणि अभिनव कला महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांचे वार्षिक प्रदर्शनही चुकवू नये. चित्रकार तिथे स्वतः उभा असतो. हे कसे केले, किती जाळ्या लागल्या, हे विचारले की मोकळेपणाने सांगतो. चित्र विकत घेताना एवढे बोलणे झालेले असले की पुढे घरात ते केवळ भिंतीची शोभा म्हणून राहत नाही.

काचपट्टी

माझा फ्रेमिंगचा व्यवसाय आहे. वडिलांपासून चालत आलेला आहे. चित्र कोणते घ्यावे हे वरच्या मंडळींनी सांगितले आहेच. ते खराब कसे होते, हे मी रोज पाहतो, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहितो.

पुण्यात चित्राला सर्वांत जास्त धोका जून ते सप्टेंबर या काळात असतो. कागद हवेतला ओलावा शोषून फुगतो आणि हिवाळ्यात पुन्हा आकसतो. त्याला ही हालचाल करायला जागा पाहिजे. पुष्कळ ठिकाणी प्रत सरळ हार्डबोर्डवर फेव्हिकॉलने चिकटवून देतात. त्या दिवशी ती अगदी ताठ दिसते. दोन पावसाळ्यांनंतर पाठीच्या बोर्डमधले आम्ल कागदात उतरून कडेने तपकिरी छटा येऊ लागते, बुडबुडे धरतात, आणि तेव्हा काहीच करता येत नाही, कारण प्रत बोर्डपासून सुटत नाही. आपण ज्यांच्याकडे काम द्याल त्यांना स्पष्ट सांगावे की प्रत फक्त वरच्या कडेला कागदी पट्टीच्या दोन बिजागऱ्यांवर लटकवायची, बाकी तिन्ही बाजू मोकळ्या ठेवायच्या, आणि प्रतीला लागणारा माउंट व मागचा थर दोन्ही आम्लमुक्त वापरायचे. सेलोटेप किंवा पॅकिंगची चिकटपट्टी कागदाला लावू देऊ नये.

माउंट केवळ शोभेसाठी नसतो. त्याच्या जाडीमुळे कागद आणि काच यांच्यात फट राहते. ही फट नसेल तर पावसाळ्यात काचेच्या आतल्या बाजूला दव धरते, शाई काचेला चिकटते आणि पुढे काच काढताना रंगाचा पापुद्रा तिच्यासोबत येतो. गेल्या वर्षी एका ताईंनी त्यांच्या लग्नातील फोटो असाच आणला होता, त्यातला चेहऱ्याचा भाग काचेवर राहिला. मला अजूनही त्याचे वाईट वाटते. माउंट नको असेल तर फ्रेमच्या पट्टीच्या आत बारीक स्पेसर बसवून घ्यावा, पण फट पाहिजेच.

माउंटच्या रंगाबाबत माझा सल्ला असा, की प्रत दुकानात नेऊन त्या कागदाशेजारी माउंटचे तुकडे धरून पाहावेत. सुती कागद किंचित उबदार पांढरा असतो. त्याच्याभोवती शुभ्र पांढरा माउंट लावला की चित्राचा कागदच पिवळा पडल्यासारखा भासतो. चित्रातल्या रंगाशी जुळवून लाल किंवा निळा माउंट घेण्याचा मोह अमूर्त चित्राच्या बाबतीत टाळावा, कारण तो रंग चित्राच्या रचनेत घुसतो. तिन्ही बाजूंना तीन इंच आणि खाली साडेतीन इंच ठेवले तर चित्र खाली घसरल्यासारखे दिसत नाही. माउंटमधल्या खिडकीची, म्हणजे चित्र दिसण्यासाठी कापलेल्या चौकोनाची, आतली कड पंचेचाळीस अंशांत कापलेली असते. कोपऱ्यात दोन काप एकमेकांना नेमके भेटलेत की सुरी पुढे गेली आहे, हे नख फिरवून पाहावे. तो कोपरा पाहिला की कारागिराचा हात कळतो.

पट्टी शक्यतो लाकडाची घ्यावी आणि अमूर्त चित्राला ती अरुंद, साधी, अर्धा ते पाऊण इंच रुंदीची शोभते. सिंथेटिक पट्टी स्वस्त आणि वाळवीपासून निर्धोक असते हे खरे, पण मोठ्या मापात ती मधोमध वाकते आणि कोपरे उघडतात. सागाची पट्टी पॉलिश करून घेतली तर राखाडी भिंतीवर फार छान दिसेल.

काचेचा हिशेब वजनावरून करावा. दोन मिलिमीटर काच चौरस मीटरला पाच किलो भरते. २४ बाय ३६ इंचांना ती जवळजवळ पावणेतीन किलो होते, आणि पट्टी व पाठ धरून पूर्ण फ्रेम पाच-सहा किलोंवर जाते. तेवढ्याच जाडीचे ॲक्रिलिक सव्वा किलोच्या आसपास भरते, पण त्यावर कोरडे फडके फिरवले की ओरखडे उठतात आणि धूळ ओढली जाते. 'नॉन-ग्लेअर' म्हणून मिळणाऱ्या खरखरीत काचेबद्दल सावध राहावे. ती प्रतीला चिकटून असली तर ठीक दिसते, पण मध्ये माउंटची फट आली की चित्रावर धुके उतरल्यासारखे वाटते. परावर्तन रोखणारा थर दिलेली काच वेगळी असते, ती महाग असते आणि आपल्या पश्चिमेच्या उजेडासाठी तीच योग्य आहे. बजेटमध्ये ती बसत नसेल तर साधी काच घेऊन चित्र भिंतीच्या डावीकडच्या दोन-तृतीयांश भागात ठेवावे, जेणेकरून ऊन त्याच्यावर थेट पडणार नाही. साध्या काचेने उन्हातले अतिनील किरण पुरेसे अडत नाहीत आणि सर्वांत आधी लाल-गुलाबी रंग उडतात.

शेवटची गोष्ट छोटी आहे, पण ती मी प्रत्येकाला सांगतो. फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून रबराच्या टिकल्या लावून घ्याव्यात. भिंत आणि पाठ यांच्यात बोटाच्या पेराएवढी हवा खेळती राहिली की बुरशीला थारा मिळत नाही. भिंत बाहेरच्या बाजूची असेल आणि तिला पावसात ओल येत असेल, तर आधी ओलीचा बंदोबस्त करावा.

साइटवरून

बाणेरच्या नव्या इमारतींपैकी काहींत भिंती ॲल्युमिनियमच्या साच्यांत ओतलेल्या काँक्रीटच्या असतात, तर काहींत एएसी ब्लॉकवर, म्हणजे हवेच्या बारीक पोकळ्या असलेल्या हलक्या काँक्रीटच्या विटांवर, जिप्सम प्लास्टर असते. काँक्रीटमध्ये खिळा ठोकला तर तो वाकतो आणि रंगाचा टवका उडतो, त्यामुळे हॅमर ड्रिलच लागते. एएसी ब्लॉक मऊ असतो, तिथे साधा प्लग हळूहळू सैल होतो. त्यासाठी लांब नायलॉन प्लग घ्यावा आणि तो प्लास्टरमध्ये नव्हे, ब्लॉकमध्ये पोहोचला पाहिजे. सहा किलोंच्या फ्रेमला एका हुकावर तार अडकवण्याऐवजी दोन्ही बाजूंना डी-रिंग, म्हणजे डी आकाराच्या धातूच्या कड्या, बसवून दोन स्क्रूवर टांगावे. दार आपटले तरी फ्रेम तिरकी होत नाही. ड्रिल करण्यापूर्वी त्या भिंतीतून विजेची नळी कुठून गेली आहे ते स्विचबोर्डाच्या सरळ रेषेत वर-खाली आणि आडवे तपासावे.

उजेडवाट

निवड करण्यापूर्वी एक प्रयोग सुचवते. आपण साडी घेताना ती दुकानाच्या दारात नेऊन दिवसाच्या उजेडात पाहतो, आणि तरीही घरी आल्यावर ट्यूबच्या प्रकाशात पुन्हा उलगडतो. चित्राच्या बाबतीत मात्र मोबाइलच्या पडद्यावर विश्वास ठेवून हजारो रुपये देतो. पडदा स्वतः प्रकाश फेकतो, कागद फेकत नाही. आपले निळे काळपट निघाले त्याचे निम्मे कारण हेच असावे.

अभियंत्यांचे नकाशे छापून देणारी जी झेरॉक्सची दुकाने असतात, तिथे साध्या कागदावर ए-वन, म्हणजे ५९४ बाय ८४१ मिलिमीटर मापाचा रंगीत प्लॉट अगदी थोडक्या पैशांत मिळतो. मनात असलेल्या चित्राचा असा प्लॉट काढून तो कागदी टेपने भिंतीवर लावावा आणि आठवडाभर राहू द्यावा. रंग अचूक नसतील, पण आकार, वजन आणि आपली नजर त्याच्याकडे किती वेळा जाते, हे सगळे कळेल. सकाळी आठला, दुपारी साडेचारला आणि रात्री दिवे लावल्यावर, अशा तीन वेळा पाहावे. रात्रीचा दिवा ६५०० केल्व्हिनचा (केल्व्हिन हे प्रकाशाच्या रंगछटेचे माप) पांढराफटक असेल तर पिवळे आणि तांबडे रंग मरतात. ३००० किंवा ४००० केल्व्हिनचा आणि रंग खरे दाखवणारा, म्हणजे सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) नव्वदच्या वरचा दिवा लावून फरक पाहा.

मापाविषयी म्हणाल तर सोफ्याच्या लांबीच्या सुमारे दोन-तृतीयांश जागा चित्राने व्यापावी, असा रिवाज आहे. आपल्या बाबतीत ती ५६ इंच होते. म्हणजे एक आडवे चित्र, किंवा फ्रेमसह २६ इंच रुंदीची दोन उभी चित्रे मध्ये तीन इंच सोडून. सोफ्याच्या पाठीपासून सात इंच वर फ्रेमची खालची कड ठेवली तर ३६ इंच उंच फ्रेमचा मध्य जमिनीपासून ५७ इंचांवर येतो, आणि कलादालनांतही चित्रे साधारण त्याच उंचीवर लावतात. मात्र आपल्या घरी चित्र पाहणारे मुख्यतः बसून पाहणार आहेत, त्यामुळे एखाद-दोन इंच खाली आणले तरी चालेल.

पश्चिमखिडकी

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कारण सांगितलेले बरेचसे करून पाहत होते.

'कॉम्पोझिशन ८' आणि ते सेरिग्राफ, दोन्हींचे ए-वन प्लॉट काढले. सेरिग्राफसाठी चित्रकाराला विचारून त्याच्याकडूनच फोटो घेतला आणि प्रयोग झाल्यावर तो कागद फाडून टाकेन, असे त्याला सांगितले. दोन्ही कागद शेजारी-शेजारी भिंतीवर लावले. सासऱ्यांना मी फक्त एवढेच विचारले, की बाबा, यांत भार कुठे आहे असे तुम्हांला वाटते. दोन दिवस ते काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी चहा घेताना म्हणाले, की कँडिन्स्कीच्या चित्रात वर डावीकडे काळ्या वर्तुळाचा एवढा मोठा भार आहे आणि तो तोलायला उजवीकडे नुसत्या बारीक रेषा आहेत, तरीही ते कोसळत नाही, हे कसे ते मी पाहतो आहे. नंतर उठून त्यांनी हाताच्या पंज्याने ते वर्तुळ झाकले आणि मला म्हणाले, "आता बघ, सगळे उजवीकडे सरकले." खरोखरच तसे दिसत होते.

सेरिग्राफ त्यांनाही आवडले. त्यात करड्यावर गेरूचे तीन आडवे पट्टे आहेत आणि मधल्या पट्ट्याची खालची कड हाताने फाडल्यासारखी आहे. दुपारच्या उन्हानंतर, साधारण साडेसहाला, तो गेरू भिंतीच्या राखाडी रंगावर इतका शांत दिसतो की मी दिवा लावायचे थांबते. 'मूळप्रत' यांनी सांगितल्याप्रमाणे भिंग घेऊन गेले होते आणि ती रंगाची पायरी मला दिसली. चित्रकाराने सांगितले की त्याला सात जाळ्या लागल्या. म्हणून सेरिग्राफ घ्यायचे निश्चित केले आहे. ते २० बाय २८ इंचांचे, आडवे आहे.

एकच शंका उरली आहे. माउंट आणि पट्टी धरून ते ३६ इंच रुंद होईल, ५६ नव्हे. सोफ्यामागे ते एकटे पुरेल, की शेजारी आणखी काही लावावे?

रंगरेषा

एकटेच लावावे, आणि सोफ्याच्या मध्यावर न आणता डावीकडच्या एक-तृतीयांश भागात, उन्हापासून दूर. उजवीकडची भिंत मोकळी राहील, ती तशीच राहू द्या. आडव्या पट्ट्यांच्या चित्राला बाजूला मोकळी जागा मिळाली की ते पट्टे भिंतीवर पुढे चालत गेल्यासारखे वाटतात. ड्रिल करण्यापूर्वी ३६ इंचांचा वर्तमानपत्राचा तुकडा नेमका त्या जागी चिकटवून दोन दिवस पाहा. तो कुठे हवा ते या वेळी आपल्या सासऱ्यांनाच ठरवू द्या.

काचपट्टी

माउंट तीन इंचांऐवजी साडेतीन इंचांचा घेतला, खाली चार, तर फ्रेम थोडी मोठी होईल आणि चित्राला शोभेल. पेन्सिलची सही आणि आकडा माउंटखाली झाकले जाऊ देऊ नका. खिडकी कापताना कागदाच्या छापील भागाबाहेर खाली पाऊण इंच आणि बाकी तिन्ही बाजूंना पाव इंच कागद दिसत ठेवायला सांगा. बिजागऱ्या लावून झाल्या की पाठ बंद करण्यापूर्वी एकदा समोर उभे राहून काचेच्या आत धुळीचा कण राहिला आहे का ते तपासा, कारण करड्या रंगावर तो लगेच दिसतो.